माठ बघून धावा : बडोद्याच्या उन्हाळ्यातलं धावणं

बडोद्याला उन्हाळे दोन असतात. पहिला मार्चअखेरीस सुरू होतो. कोरडा, भाजून काढणारा. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश, ओठ फुटतात, गच्चीवर वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडकडीत होते. दुसरा मेच्या उत्तरार्धात येतो, खंभातच्या आखाताकडून दमट वारं वाहू लागलं की. पारा दोन-तीन अंश उतरतो, शेजारीपाजारी म्हणतात, "चला, जरा कमी झालं," आणि तीच चादर उतरवताना हाताला ओलसर लागते. धावणाऱ्या माणसाने जपायचं ते या दुसऱ्या उन्हाळ्यात.

गेली अकरा वर्षं मी पहाटे दांडिया बाजारातून धावायला निघते. पहिली काही वर्षं उन्हाळ्यातलं माझं सगळं शहाणपण "ऊन चढायच्या आत घरी" एवढंच होतं. ते पुरत नाही, हे एका जूनमधल्या पहाटे कळलं, तेही माझ्या दिरांच्या जिवावर बेतल्यावर. ती हकीकत पुढे सांगते. आधी शरीराचा हिशेब मांडू, कारण तो कळला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

उष्णतेचा हिशेब

धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम चौथा भाग पुढे सरकण्यात जातो. बाकीची नुसती उष्णता होते. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात, त्यातल्या पंचेचाळीस तरी उष्णतेच्या. तेवढ्या वजनाचं शरीर एका अंशाने तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर किलोमीटरला जवळजवळ एक अंश ताप चढेल आणि ३७ वर निघालेलं शरीर चौथ्या किलोमीटरच्या आसपास ४० गाठेल.

ते होत नाही याचं श्रेय घामाला. एक लिटर घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतो. वाळला तर. हनुवटीवरून टपटप गळून रस्त्यावर पडलेला घाम अंगाला थंडावा देत नाही, पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो.

आपल्या स्वयंपाकघरात या गोष्टीचं मोजमाप करणारं यंत्र पूर्वापार आहे : माठ. एप्रिलमध्ये माठातलं पाणी दात शिवशिवावेत इतकं गार होतं, कारण बाहेर झिरपलेलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जातं. जूनमध्ये तोच माठ, तेच पाणी, पण गारवा येत नाही. माठाखालची ताटली मात्र भरते. आपलं अंग म्हणजे चालताबोलता माठच. पहाटे पाणी पिताना घोट कोमट लागला, तर त्या दिवशी आपलंही अंग नीट थंड होणार नाही, असं खुशाल धरून चालावं.

सूर्य नसला म्हणजे धोका नाही, हा समज तर मनातून पार काढून टाकावा. दोहाला २०१९ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. ऊन नावालाही नव्हतं. पण तापमान तिशीच्या वर आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे. जगातल्या निवडक ६८ धावपटू निघाल्या, शर्यत पूर्ण केली चाळीसजणींनी. उष्ण हवेतल्या श्रमासाठी जो वेट बल्ब ग्लोब निर्देशांक वापरतात, त्यातही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्याला ७० टक्के वजन आहे, उन्हाच्या झळीला २० आणि साध्या तापमानाला फक्त १०.

निघण्याआधी हवा बघा

मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये आपण ठळक अक्षरातला आकडा बघतो आणि बंद करतो. थोडं खाली गेलात तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं बाष्प ज्या तापमानाला दव होऊन जमू लागतं ते तापमान, अंशांत दिलेला असतो. तो आकडा बघायची सवय लावा. आर्द्रतेची टक्केवारी तापमानाबरोबर दिवसभर वरखाली होते आणि फसवते. हवेत खरोखर बाष्प किती आहे, ते दवबिंदू सरळ सांगतो. माझा स्वतःचा ठोकताळा असा : अठराच्या खाली असेल तर नेहमीसारखं धावायचं, अठरा ते तेवीसमध्ये वेग उतरवायचा, चोवीस आणि वर असेल तर अंतरही कमी करायचं. जूनमध्ये बडोद्यात तो बहुतेक रोज चोवीसच्या पुढेच असतो.

पहाट की संध्याकाळ, हा वाद आमच्याकडे दर एप्रिलला रंगतो. पहाटे तापमान दिवसातलं सगळ्यात कमी, पण आर्द्रता सगळ्यात जास्त. संध्याकाळी हवा कोरडी असते, पण दिवसभर तापलेले डांबर, भिंती, फरशा झळ सोडत असतात आणि आपलंही अंग दिवसभराच्या उन्हाने शिणलेलं असतं. माझा कौल पहाटेलाच. मेच्या मध्यात बडोद्यात सूर्य सहाला चार-पाच मिनिटं असताना उगवतो, त्यामुळे पावणेपाच ते पावणेसहा हा तास हाताशी असतो. ज्यांना पहाट जमतच नाही त्यांनी एप्रिलच्या कोरड्या दिवसांत रात्री आठनंतर निघावं. सात वाजता नव्हे. सूर्य तेव्हा नुकता टेकत असतो.

रस्ता निवडताना एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. अंधारात सावलीचा उपयोग नसतो, वाऱ्याचा असतो. कमाटीबागेतल्या जुन्या झाडांखालचे रस्ते उन्हात स्वर्ग आहेत, पण पहाटे पाचला, विश्वामित्रीच्या काठाला, पान हलत नाही आणि घाम अंगावर जिथल्या तिथे राहतो. म्हणून मी पहिला अर्धा भाग मोकळ्यावर धावते : अकोटा-दांडिया बाजार पूल, पोलो ग्राउंडची बाजू. उजाडलं की काळा घोडा चौकाकडून कमाटीबागेत शिरते आणि उरलेला भाग झाडांखाली. फेऱ्या लहान ठेवते, घरापासून किंवा नळापासून दोन किलोमीटरपेक्षा लांब जात नाही. थंडीत एका दमात दूर जाऊन परत येण्यात मजा असते. उन्हाळ्यात परतीची वाट नेहमी जवळ हवी. बायकांनी पहाटेच्या अंधारात एकटीने निघण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून निघावं. त्यात सुरक्षितता आहेच, शिवाय कुणाची शुद्ध हरपू लागली तर ती दुसरीलाच कळते.

चौदा दिवसांचं व्रत

उन्हाची सवय होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती होते कशी हे कळलं की धीर धरता येतो. गरम हवेत रोज थोडं धावत राहिलं की पहिल्या आठवड्यातच रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो. मग हृदयाला त्वचा आणि स्नायू दोघांनाही रक्त पुरवणं सोपं जातं. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पूर्ण होतात. दोन-तीन आठवडे थंड जागी काढले की ते हळूहळू पुसलेही जातात. सुट्टीत कुलू-मनालीला जाऊन आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी जुन्या जोमाने धावायला निघतो, तेव्हा मला त्याची खरोखर काळजी वाटते.

पहिले तीन-चार दिवस वीस-पंचवीस मिनिटं, तीही चालत-पळत. पाचव्या दिवसापासून चाळीस मिनिटं, सगळं सावकाश. दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या अंतराच्या तीन चतुर्थांशापर्यंत. या चौदा दिवसांत वेगाचा सराव नाही, चढ नाहीत, कुणाशी चढाओढ नाही. मध्ये एखादा दिवस चुकला तर चालेल, पण सलग चार-पाच दिवस खाडा झाला तर दोन पावलं मागे येऊन सुरुवात करा. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना याला जास्त वेळ लागतो. त्यांनी घरी असताना थोडा वेळ तरी पंख्यावर काढावा.

घड्याळ झाका, पाढा म्हणा

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेगाच्या हट्टापायी. थंडीत साडेसहा मिनिटांत आरामात होणारा किलोमीटर जूनमध्ये सव्वासात किंवा साडेसात मिनिटं घेतो. यात तब्येत ढासळल्याचं काही नाही. हृदयाला त्याच रक्तातून पायांनाही द्यायचं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही. घामाने रक्तातलं पाणी घटत जातं, तसे त्याच वेगाला ठोके वाढत जातात. म्हणून मी मे-जूनमध्ये वेग बघतच नाही. वेळ बघते : आज पन्नास मिनिटं, अंतर होईल ते होईल.

जोर किती लावायचा, याला आमच्या गटाचं माप आहे तेराचा पाढा. दर दहा मिनिटांनी धावता धावता मोठ्याने म्हणायचा. तीन-चार आकडे एका श्वासात गेले तर वेग बरोबर. प्रत्येक आकड्याला श्वास तुटत असेल तर हळू व्हा. आणि तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तरनंतर डोकं अडलं, पुढचा आकडा सुचेना, तर थांबा, सावलीत जा. या दुसऱ्या उपयोगासाठीच तो पाढा आम्ही धरला.

चालण्याची लाज वाटू देऊ नका. आठ मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं पहिल्या मिनिटापासून ठरवून केलं तर शेवटपर्यंत अंग हाताबाहेर जात नाही. दमल्यावर नाइलाजाने चालायला लागतो, तोवर बराच उशीर झालेला असतो.

पाणी, मीठ आणि वजनकाटा

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला अर्धवट आहे. कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दीड-दोन लिटर. आपला आकडा घरीच काढता येतो. लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर धावा, आल्यावर घाम पुसून तसंच पुन्हा वजन करा. जितकं घटलं, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये एकदा, जूनमध्ये एकदा असं दोनदा करा, कारण आकडे वेगळे येतात. माझा एप्रिलमध्ये आठशे मिलिलिटर येतो, जूनमध्ये अकराशे. धावून आल्यावर वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलेलं नसावं. आणि वाढलेलं तर मुळीच नसावं.

वाढलेलं का नसावं, ते नीट सांगते. घामातून मीठ जातं. त्याची भरपाई न करता नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, माणूस भ्रमिष्ट होतो, आणि फार झालं तर जीवही जातो. दोन-तीन तास सावकाश धावणाऱ्या आणि वाटेत दिसेल तिथे पाणी पिणाऱ्या नवशिक्यांना हा धोका जास्त. पाऊण तासापर्यंतच्या धावण्याला साधं पाणी पुरतं. त्याच्या पुढे मीठ हवंच.

निघण्याआधी अर्धा तास मी दीड-दोन भांडी पाणी पिते. वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी तहानेप्रमाणे तीन-चार घोट. लांबच्या दिवशी बाटलीत घरचं मिश्रण असतं : एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मीठ अंदाजाने टाकू नका, चमचा सपाट करूनच घ्या. दुकानातलं ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा आणि एक लिटरचं पाकीट एकाच लिटरमध्ये मिसळा.

घरी आल्यावर मात्र आपल्या उन्हाळ्याला तोड नाही. मीठ-जिरेपूड घातलेलं पातळ ताक, कैरीचं पन्हं, कोकम सरबत. पन्ह्यात गूळ, मीठ आणि पाणी तिन्ही एकदम मिळतात. आमच्या सासूबाई त्यात चिमूटभर मीठ जास्तच घालतात, आणि घालावंच. इथल्या गुजराती घरांतलं वरियाळीचं, म्हणजे बडीशेपेचं, सरबतही छान, पण त्यात साखरच साखर असते, म्हणून सोबत काहीतरी खारट खा. वजनात एक किलो घट आली असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं करून सव्वा ते दीड लिटर प्या. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मिठाचा हा भाग डॉक्टरांना विचारूनच पाळावा.

जूनमधल्या लांबच्या धावण्याआधी एक उपाय करून बघा : घरच्या पाण्याचा बर्फ मिक्सरमधून चुरा करून, थोडं सरबत घालून पेलाभर खा. शरीर आतून थोडं थंड होऊन निघतं आणि तापायला तेवढा जास्त वेळ मिळतो. गार पाण्याने आंघोळ करून निघण्यानेही थोडाफार हाच फायदा होतो.

कपडे

फिक्या रंगाचा, सैल, जाळीदार टीशर्ट. जाड सुती बनियन घाम पिऊन जड होतं आणि काखेत, मांड्यांत सोलवटतं. तिथे निघण्याआधी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. अंधारात टोपी नको, डोक्यातली उष्णता अडते. उजाडल्यावर मागून उघडी असलेली टोपी घाला. आणि गळ्यात पंचा. आपला साधा, विरविरीत सुती पंचा भिजवून पिळून मानेवर टाकला तर पाऊण तास सोबत करतो, प्रत्येक नळावर पुन्हा भिजवता येतो. महागड्या कूलिंग टॉवेलपेक्षा मला तोच आवडतो.

ती पहाट

जूनचा दुसरा आठवडा होता. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. माझे दीर आणि मी बारा किलोमीटरला निघालो होतो. ते माझ्यापेक्षा वेगवान, थंडीतली अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत करणारे. नऊ किलोमीटरपर्यंत गप्पा चालू होत्या, मग ते गप्प झाले. मला वाटलं, दमले असतील. थोड्या वेळाने मी विचारलं, "भावजी, किती झाले?"

ते म्हणाले, "आई, दूध आलं का?"

मी हसले. खरंच हसले, चेष्टा करताहेत असं वाटून. मग त्यांच्याकडे बघितलं. नजर माझ्या पलीकडे कुठेतरी, पाय तिरके पडत होते, आणि अंग नखशिखांत घामाने निथळत होतं. उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, असं मी शाळेपासून ऐकलेलं. धावणाऱ्याच्या उष्माघातात बहुतेकदा घाम चालूच असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या एका सोसायटीत वॉचमनकाका झाडांना पाणी घालत होते. मी ओरडले. "बेन, शुं थयुं?" म्हणत ते हातात पाइप घेऊनच धावत आले. भावजींना सावलीत आडवं केलं, शर्ट काढला, आणि पाइप मानेवर, काखेत, जांघेत, छातीवर धरून ठेवला. एक मुलगा वर्तमानपत्राने वारा घालत होता, कुणीतरी घरातून बर्फाचे ट्रे आणले. मी १०८ ला फोन केला. बारा-पंधरा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, आपण इथे का थांबलोय?" तेव्हा कुठे माझ्या पायांतलं बळ गेलं आणि मी फुटपाथवर बसले. पुढे एक रात्र रुग्णालयात, रक्ताच्या तपासण्या, आणि महिनाभर धावणं बंद.

त्या पहाटे आम्ही नकळत जे केलं, तोच खरा उपचार आहे. धावताना बोलणं असंबद्ध झालं, पाय लटपटले, वागणं विचित्र वाटलं, माणूस विनाकारण चिडला की उष्माघातच समजा आणि पाणी ओतायला लागा. १०८ ला फोन दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवू नका, ती आल्यावरही आधी थंड करू द्या, मग न्या. बर्फाचं पाणी भरलेलं मोठं घंगाळ किंवा टब मिळाला आणि डोकं वर धरायला माणूस असला तर मानेपर्यंत बुडवणं सगळ्यात उत्तम. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस सहसा सुखरूप सुटतो. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग होत नाही.

याच्या अलीकडची पायरी म्हणजे चक्कर, मळमळ, अंगावर शहारे, पोटऱ्यांत गोळे, पण बोलणं नीट. तेव्हा थांबा, सावलीत पाय वर करून पडा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्या. बरं वाटलं तरी घरी रिक्षाने जा. उन्हाळ्यात धावताना अंगावर शहारा आला तर तो गारव्याचा नसतो.

कधी निघायचंच नाही

आदल्या दिवशी ताप, जुलाब, उलटी झाली असेल. झोप चार तासांपेक्षा कमी झाली असेल. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी घेतली असेल, कारण पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर तिचा ताण येतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी जातं. त्या चालू असतील तेव्हाही चालण्यावर समाधान माना.

हवामान खात्याचा इशाराही गंभीरपणे घ्या. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि शहराने त्याची भयानक किंमत मोजली. त्यातूनच २०१३ मध्ये तिथला उष्णतेचा कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. पिवळा इशारा असेल तर मी अंतर निम्मं करते, नारिंगी असेल तर पहाटे फक्त चालते, लाल असेल तर घरात जिने.

पहिल्या पावसाबद्दल सांगायचं राहिलं. मातीचा वास सुटतो, अंगावर थेंब पडतात, आणि वाटतं, संपला उन्हाळा, चला आता जोरात. पाऊस थांबला की तासाभरात हवा ओल्या फडक्यासारखी होते आणि माठाखालची ताटली काठोकाठ भरते. वेग आणखी आठ-दहा दिवस तसाच ठेवा. आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा तापलं की वहीत पहिला दिवस असं लिहून चौदा दिवस नव्याने मोजा. चार महिन्यांच्या पावसात अंग उन्हाची सवय विसरून गेलेलं असतं.